कोस्तचे संयोगचिन्ह

'कॉन्शसनेस'ला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही, ही तक्रार आपल्या परिसंवादांतून इतक्यांदा ऐकू येते की ती आता सिद्धांताच्या थाटात वावरू लागली आहे. तिच्यामागचे गृहीत असे की इंग्रजी शब्द नेमका, युरोपीय भाषांत तो सहज उतरलेला, आणि अडतो तो फक्त मराठीपाशी. हे गृहीत साफ चुकीचे आहे.

जॉन लॉकच्या मानवी आकलनाविषयीच्या निबंधाचा पिएर कोस्तने केलेला फ्रेंच अनुवाद १७०० साली निघाला. त्याआधीची काही वर्षे कोस्त लॉकसोबत ओट्स येथे एकाच घरात राहत होता. शंका विचारायला मूळ लेखक हाताशी होता. तरीही या शब्दापाशी तो थबकला. लॉककडे हा एकच शब्द तीन कामे करतो : स्वतःच्या मनोव्यापारांची जाण, गतकाळातील कृती 'माझी' म्हणून ओळखणे, आणि त्या ओळखीवर उभे राहणारे उत्तरदायित्व. फ्रेंचमध्ये 'कॉन्सियांस' होता. पण त्याचा रूढ अर्थ सदसद्विवेकबुद्धी. कोस्तने त्याच शब्दाच्या पोटात संयोगचिन्ह घातले, 'कॉन-सियांस' असे लिहिले, आणि खाली भलीमोठी टीप दिली. आपल्या भाषेत नेमका शब्द नाही, जवळचे शब्द सगळीकडे पुरत नाहीत, हे तिथे त्याने उघड सांगितले. मालब्रांशने हा शब्द याच अर्थाने वापरल्याचा दाखलाही जोडला.

कोस्तचा तोडगा निर्दोष होता असे मात्र मी म्हणणार नाही. संयोगचिन्हाने नैतिक अर्थ बाजूला सारला. पण 'व्यक्ती' ही संज्ञा न्यायव्यवहारातली आहे, असे लॉकच त्या प्रकरणात बजावतो. शिक्षा आणि बक्षीस यांचा प्रश्न तिथे ऐरणीवर आहे. म्हणजे जो अर्थ कोस्तला अडचणीचा वाटला, त्याची छाया मूळ विवेचनावर होतीच. पुढे संयोगचिन्ह गळाले. आजच्या फ्रेंचमध्ये तो एकच शब्द दोन्ही अर्थ वाहतो. (मराठीत 'जाणीव' आणि 'सदसद्विवेकबुद्धी' वेगळ्या आहेत. दारिद्र्य नक्की कोणाचे?)

आपल्याकडे कादंबरी 'संज्ञाप्रवाही' असते, वर्गाला 'जाणीव' असते आणि तत्त्वज्ञानाच्या तासाला 'चेतना' अवतरते. यात मला काहीही गैर वाटत नाही. गैर आहे ती यांतला एक शब्द प्रमाण ठरवून उरलेले हद्दपार करण्याची हौस. या हौसेपायी विद्यार्थी उत्तरपत्रिकेत 'जाणीव' लिहितो आणि ती लॉकची, मार्क्सची की मनोविश्लेषणातली, हे त्यालाही ठाऊक नसते, तपासणाऱ्यालाही नसते. अनुवादकही आपली अडचण वाचकापासून लपवतो आणि त्यालाच ओघवता अनुवाद म्हणून शाबासकी मिळते. कोस्तने ती अडचण पानाच्या तळाशी, सर्वांना दिसेल अशी मांडली होती. तेवढी एक टीप लिहायला आपल्याला कोणत्या परिभाषा समितीची मंजुरी हवी आहे?