डॉक्टरांना नुसता दात नको, तोंड दाखवा

इंदापूर तालुक्यातलं कळंब हे आमचं गाव. तिथे माझ्या मामूंची खालची दाढ दुखायला लागली. जवळच्या एका दातांच्या दवाखान्यात गेले. दाढ हलत होती, म्हणून डॉक्टरांनी ती काढली आणि गोळ्या लिहून दिल्या. जखम काही भरेना. दीड महिन्याने मामू पुन्हा गेले, तर गोळ्या बदलून मिळाल्या. घरात कुणी विषय काढला की म्हणायचे, "कुछ नै रे, दाढ का जखम है, भर जाइंगा."

चार महिन्यांनी मानेत गाठ हाताला लागली, तेव्हा बारामती गाठली आणि तिथून पुणे. बायोप्सी झाली. कॅन्सर बराच पुढे गेला होता. जबड्याचा एक भाग काढावा लागला, नंतर रेडिएशन झालं. अल्लाहच्या मेहेरबानीने मामू आज आपल्यात आहेत. पण भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. चारचौघांत जेवायची लाज वाटते म्हणून दावतीला जाणं त्यांनी सोडून दिलंय.

त्या डॉक्टरांवर राग काढण्यासाठी हे लिहीत नाही. मामू तीस वर्षं तंबाखू मळत होते. डॉक्टरांनी ते विचारलं नाही, मामूंनी सांगितलं नाही. घरातला शिकलेला भाचा म्हणून मी पुण्यातून फोनवर "दाखवलं का?" एवढंच विचारत राहिलो. नेमकं काय दाखवलं, हे विचारायचं मलाही सुचलं नाही. दात दाखवून झाला होता, तोंड मात्र कुणीच पाहिलं नव्हतं.

तोंडाच्या कॅन्सरइतका समोर दिसणारा कॅन्सर दुसरा नसेल. पोटातला किंवा फुप्फुसातला आजार शोधायला मशीन लागतं. तोंडातला शोधायला लागतो उजेड, एक छोटा आरसा आणि पाहणारा माणूस. तरीही २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार लोकांना ओठ आणि तोंडाचा कॅन्सर होतो आणि जवळपास ८० हजार माणसं त्याने जातात. आपल्याकडे बहुसंख्य रुग्ण दवाखान्यात पोचतात तेच आजार पसरल्यावर. सुरुवातीच्या टप्प्यात सापडला तर छोट्या शस्त्रक्रियेने बरं होण्याची शक्यता पुष्कळ असते.

आमच्या भागाला याची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही. बारामतीच्या शरद पवारांना २००४च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत तोंडाचा कॅन्सर असल्याचं कळलं. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन घेऊन ते पुन्हा कामाला लागले. २०१८ साली मुंबईत इंडियन डेंटल असोसिएशनच्या कार्यक्रमात त्यांनी तंबाखू-सुपारीच्या सवयीबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला. चाळीस वर्षांपूर्वी कुणी सावध करायला हवं होतं, असं ते म्हणाले. आर. आर. पाटील तंबाखू खायचे. फेब्रुवारी २०१५ मध्ये याच आजाराने ते गेले, तेव्हा त्यांचं वय होतं अवघं ५७. गृहमंत्रिपद भूषवलेल्या माणसाची ही गत, तर आमच्या मामूंसारख्यांचं काय?

आता आपल्या समाजाबद्दल थोडं स्पष्ट बोलू. दारू हराम म्हणून आपण ती शिवत नाही आणि त्यावरच समाधान मानतो. तंबाखू मात्र फार तर मकरूह, असं म्हणून खिशात राहते. दावतीनंतर पान, टपरीवर मावा, कॉलेजच्या पोरांच्या हातात पुडी. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, तरी पुडी कुठे मिळते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. घरातल्या दादी-नानी मिशरी लावतात. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण तिला कुणी व्यसन म्हणत नाही. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरत होते, तर धूम्रपान करणारे ३.८ टक्केच होते. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखूचा मारा मुख्यतः तोंडावरच आहे.

"मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो," असं सांगणारे मित्र ऑफिसातही भेटतात. सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केलं. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठ होते, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडेनासं होतं. घरच्या घरी एक परीक्षा करता येते. तर्जनी, मधलं आणि अनामिका ही तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील तर डॉक्टर गाठा.

मग डॉक्टरांकडे काय मागायचं? एक वाक्य पाठ करा : "डॉक्टर, मी तंबाखू (किंवा सुपारी) खातो, माझं पूर्ण तोंड तपासा." दाढ दुखत असो वा नसो. नीट तपासणीत ओठ, दोन्ही गालांच्या आतली बाजू, हिरड्या आणि टाळू पाहतात. जीभ कापडाने धरून बाहेर ओढतात, तिच्या दोन्ही कडा आणि खालची जागा पाहतात. शेवटी मान चाचपून गाठ आहे का बघतात. सगळं मिळून पाचेक मिनिटांचं काम आहे, दुखत काहीच नाही. न पुसला जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कारण नसताना हलणारा दात, काढलेल्या दाताची न भरणारी जागा, यांतलं काहीही दिसलं तर पुढची तपासणी हवी. चट्टा म्हणजे कॅन्सरच असं नाही, पण ते ठरवते बायोप्सी. "बघू, होईल बरं" हे उत्तर चालणार नाही.

अशा तपासणीने खरंच जीव वाचतात का, हा प्रश्न रास्त आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून ३५ वर्षांवरच्या लोकांवर मोठा अभ्यास झाला. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. २००५ साली निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. व्यसन नसलेल्यांमध्ये असा फायदा दिसला नाही. म्हणून सगळ्यांनी घाबरून रांगा लावाव्यात असं माझं म्हणणं नाही. जे खातात, खायचे किंवा मिशरी लावतात, त्यांनी दर सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा तोंड दाखवावंच.

पैशाची अडचण सांगू नका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची दर पाच वर्षांनी तोंडाची तपासणी व्हावी, हा सरकारी कार्यक्रमच आहे. गावात आशाताई फॉर्म भरायला येतात, तेव्हा तंबाखूच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत नंबर आहे.

पडद्याचं कारणही मी ऐकलंय. खाला-नानींना पुरुष डॉक्टरांपुढे तोंड उघडायचा संकोच वाटतो, हे खरं. मग लेडी डॉक्टर शोधायची जबाबदारी घरातल्या शिकलेल्या पोरा-पोरींची. संकोचापायी चट्टा थांबत नाही.

रमजानमध्ये सहरीपासून इफ्तारपर्यंत आपला माणूस पुडीला हात लावत नाही. म्हणजे सोडण्याची ताकद आहे, मगरिबच्या अजाननंतर ती कुठे जाते एवढाच प्रश्न. वुजूत दिवसातून पाच वेळा आपण कुल्ली करतो, मिसवाकची सुन्नत अभिमानाने सांगतो. तोंड साफ ठेवणं दीनचा भाग असेल, तर महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर तेच तोंड उघडून पाहणं त्याच्या बाहेर कसं? शरीर ही अमानत आहे, असं आपण बयानात ऐकतो. अमानतीची तपासणी मालकाने मागण्याआधी आपणच करावी.

माझी मागणी साधी आहे. गावोगावच्या मशीद कमिट्यांनी आणि तरुण मंडळांनी वर्षातून एकदा जुम्याच्या नमाजनंतर दंतवैद्यांना बोलवावं. औरतांसाठी वेगळी जागा आणि लेडी डॉक्टर ठेवावी. गावातल्या इतर समाजांनाही बोलवावं, कारण टपरी सगळ्यांची एकच आहे. इमामसाहेबांनी खुतब्याआधी दोन मिनिटं यावर बोलावं, आणि जमल्यास सगळ्यांत आधी स्वतःचं तोंड तपासून घ्यावं.

गेल्या ईदला कळंबला गेलो, तेव्हा मोबाइलच्या टॉर्चमध्ये घरातल्या सगळ्यांची तोंडं पाहिली. पोरं हसत होती. मामू हसले नाहीत. त्यांनी त्यांच्या थोरल्या मुलाला पुढे ढकललं आणि म्हणाले, "इसका पहले देख." त्याच्या गालात पांढरा चट्टा होता. बायोप्सीत कॅन्सर निघाला नाही. त्या दिवसापासून त्याने मावा सोडलाय आणि दर सहा महिन्यांनी तो बारामतीला तोंड दाखवून येतो.

आज घरी गेलात की टॉर्च लावा.