पुण्याचं विमान गाठायचं तर

मैत्रिणींनो, मंडईला आता भुयारी मेट्रो आली, तरी बायकांच्या गप्पा अजून भाजीच्या गाळ्यापाशीच रंगतात. तिथेच एका वाचक भगिनीने मला गाठलं. लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेल्या होत्या. परत येताना एकट्या. दिल्लीला उतरून पुण्याचं विमान घ्यायचं होतं. बॅगांवरच्या चिठ्ठीवर पुण्याची खूण होती, म्हणून त्या निर्धास्त बाहेर आल्या. बॅगा मात्र आत पट्ट्यावर गोल फिरत राहिल्या. त्या मिळेपर्यंत पुण्याचं विमान उडालं! पुढची रात्र त्यांनी विमानतळावरच्या खुर्चीत काढली. म्हणून या खेपेला लोणच्याची बरणी बाजूला ठेवते.

तेव्हा पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. परदेशातून येताना भारतातल्या ज्या विमानतळावर प्रथम पाय ठेवाल, तिथेच सहसा पासपोर्टवर शिक्का बसतो आणि तिथेच कस्टमची तपासणी. त्यामुळे चिठ्ठीवर पुणे असो की नागपूर, बॅगा स्वतः उतरवून घ्यायच्या, कस्टममधून बाहेर काढायच्या आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायच्या. निघतानाच काउंटरवर विचारा, "बॅगा मी कुठे घ्यायच्या?" विचारायला लाजू नका. दिल्ली-मुंबईला कस्टमच्या बाहेर पडताच पुढच्या प्रवाशांच्या बॅगा घेणारं काउंटर असतं. तिथून पुन्हा सुरक्षा तपासणी आहेच.

आता तिकिटाचं. मुलं हौसेने आणि स्वस्तात पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढतात. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असेल आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढची सोय लावणं कंपनीचं काम. वेगळी तिकिटं असतील तर दुसरी कंपनी म्हणते, तुमचं तुम्ही बघा! शिवाय वजनाची गंमत. अमेरिकेहून येताना बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा चालतात; वेगळ्या देशी तिकिटावर साधारण १५ किलोच. उरलेल्या किलोंचे पैसे तिथल्या तिथे मोजावे लागतात. वाचवलेले पैसे असे जातात. जावयांना हे आधीच सांगून ठेवा, बरं का.

वेळेचा हिशेब बायकांना चांगला जमतो, तोच इथे करा. देशी विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. म्हणजे कागदावर तीन तास दिसले तरी हातात दोनच. त्यातून पासपोर्टची रांग आणि बॅगांची वाट वजा करा. दिल्लीला परदेशी विमानं टर्मिनल ३ ला येतात. पुढचं विमान टर्मिनल १ चं असेल तर बाहेर पडून गाडीने जावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत तिथलं पहाटेचं धुकं वेगळंच! माझं मत विचाराल तर हिवाळ्यात पाच तासांहून कमी अंतर ठेवू नये. बसून राहिलं तर फार तर एक स्वेटर विणून होईल.

मुंबईला उतरणार असाल तर मात्र पुढच्या विमानाच्या नादी लागूच नका. सहारहून पुणे दीडशे किलोमीटरच्या आसपास. बॅगा एकदाच गाडीत टाकायच्या की थेट घरच्या दारात. फक्त मध्यरात्री घाटातून येताना चालकाला झोप नाही ना, हे बघा.

गुडघे दुखत असतील तर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा, आणि दोन्ही विमानांसाठी. नुसती पहिल्यासाठी मागितली तर दिल्लीला पंचाईत. औषधं, एक साडी, थोडे रुपये आणि घरचा फोन नंबर कागदावर लिहून हातपिशवीत असू द्या. मोबाइल ऐनवेळी मान टाकतो. अडकित्ता, कात्री असं काही हातात असेल तर बॅगा पुन्हा देण्यापूर्वी त्यांतच घाला, नाहीतर तपासणीत जप्त होईल.

आणि अंगावर पाटल्या-तोडे घालून परदेशी जाणार असाल, तर जातानाच इथल्या कस्टमकडून त्यांचा दाखला करून घ्या. येताना सोनं आपलंच आहे, हे सांगत बसायला पुढच्या विमानाआधी वेळ नसतो.