आजीच्या ताटात अंडं कुठंय?

बुद्धपौर्णिमेला नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर आम्ही तरुण मंडळी घोषणा देत पायऱ्या चढून जातो आणि आमच्या आज्या, मावश्या पायथ्याशी विहारातच बसून राहतात. विचारलं तर एकच उत्तर, "गुडघे गेले बाबा आता." गुडघे गेले असतीलही. पण त्यांच्या मांड्यांकडे, दंडांकडे कुणी पाहिलं का? तिथलं मांसच गेलेलं आहे. डॉक्टर याला सार्कोपेनिया म्हणतात. चाळिशीच्या आसपास स्नायू झिजायला लागतात, साठीनंतर वेग वाढतो. मग उठताना हात टेकावा लागतो, मोरीत पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, माणूस अंथरुणाला खिळतं आणि अनेकदा वर्षभरात जातं. आम्ही म्हणतो, वय झालं होतं.

वय झालं होतं की ताट रिकामं होतं?

हिशेब करू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वृद्धांच्या आहारावर काम करणाऱ्या तज्ज्ञांचं म्हणणं, पासष्टीपुढे १ ते १.२ ग्रॅम हवीत, कारण म्हातारं शरीर तेवढ्याच प्रथिनांतून कमी स्नायू बांधतं. म्हणजे ५० किलोच्या आजीला ५० ते ६० ग्रॅम. आणि आमच्या वस्तीतली आजी खाते काय? दिवसभरात बाजरीच्या तीन भाकरी, मिरचीचा ठेचा, वाटीभर पातळ वरण, चार वेळा चहा. सगळं धरून कसेबसे २५ ग्रॅम. अर्धं पोट नाही, पोट भरलेलं आहे. म्हणूनच ही उपासमार दिसत नाही.

ही उपासमार नैसर्गिक नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं. डाळीचा हक्क त्या कायद्यात नाही. बैलाचं मांस मटणापेक्षा कितीतरी स्वस्त होतं, चान्या वाळवून ठेवल्या की पावसाळाभर पुरायच्या. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि बैल कापला तर पाच वर्षांपर्यंतची कैद आली. म्हशीचं मांस आजही कायदेशीर आहे, पण विकणारा आणि आणणारा दोघंही भीतीत. शाळेतल्या पोरांना नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं मंजूर झालं, तेवढ्यावरही 'शाकाहारी भावना' दुखावल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधीच काढून घेतला. सांगितलं काय, तर लोकवर्गणीतून द्या! ज्याच्या हाडामांसाची वाढ सातव्या वर्षी अडवली, तो सत्तराव्या वर्षी कशाच्या बळावर उभा राहणार?

२०२२ मध्ये 'पीएनएएस' या संशोधनपत्रिकेत नऊ राज्यांचा एक अभ्यास आला. महाराष्ट्र त्यात नव्हता. उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचं आयुर्मान तीन वर्षांहून आणि आदिवासींचं चार वर्षांहून अधिक कमी निघालं, आणि संपत्तीतला फरक धरूनही ही दरी पूर्ण भरली नाही. सगळा दोष प्रथिनांचा आहे असं आम्ही म्हणत नाही. पण जात शरीरात उतरते ती अशा वाटांनीही.

आता थोडं आपल्याच घरात. बीफबंदीवर आम्ही पोस्टी लिहितो, पण घरी मटण शिजलं की नळीची हाडं आणि फोडी कुणाच्या ताटात पडतात? आधी पुरुष, मग पोरं, शेवटी सून, आणि "मला दात नाहीत, मला रस्सा चालतो" म्हणणारी आजी. तो रस्सा म्हणजे तेल, मसाला आणि पाणी. ही मनुस्मृती आपल्या स्वयंपाकघरातली आहे आणि ती जाळायला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरी गोष्ट 'सात्त्विक' म्हातारपणाची. साठी झाली की सुटलं सगळं, असं अभिमानाने सांगणारे बौद्ध बांधव आम्हाला भेटतात. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मृत जनावराचं मांस सोडायला सांगितलं, ते स्वाभिमानासाठी. मांस म्हणजे पाप असं ते सांगत नव्हते. आणि सिद्धार्थाने शरीर वाळवणारी तपश्चर्या सोडली ती सुजाताची खीर घेऊन, हे आम्ही दर पौर्णिमेला सांगतोच की! वर्षावासात कुणाला मांसाहार टाळायचा असेल तर जरूर टाळावा, फक्त त्या जागी घट्ट डाळ, मटकीची उसळ, हरभरे, शेंगदाणे वाढवावेत. नुसती भाजी-भाकरी नको.

कुणी मोबाइल दाखवून म्हणेल, प्रथिनं कमी खाल्ली की आयुष्य वाढतं म्हणे. अमेरिकेतल्या २०१४ च्या एका गाजलेल्या अभ्यासात ५० ते ६५ वयाच्या, भरपूर प्रथिनं खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं हे खरं. पण त्याच अभ्यासात ६५ च्या पुढे चित्र उलटं झालं, तिथे कमी खाणाऱ्यांचंच नुकसान दिसलं. शिवाय तो इशारा पोटभर मांस खाणाऱ्यांसाठी होता. पंचवीस ग्रॅमवर जगणाऱ्या आपल्या आजीला तो सांगणं म्हणजे थट्टा.

संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये येतात. अंडं सात रुपयांना धरलं तर रोज दोन अंड्यांचे ४२० होतात आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. मूठभर शेंगदाण्याचा कूट सात-आठ ग्रॅम देतो, दात नसले तरी खाता येतो. सुकट-बोंबील तर आपलेच, वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनं. बीपी असेल तर मीठ धुऊन काढायचं. किडनीचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि नुसतं खाऊन भागत नाही, स्नायूला काम लागतं: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, सकाळ-संध्याकाळ.

येत्या पौर्णिमेला आम्ही खीरदानाच्या पातेल्याशेजारी उकडलेल्या अंड्यांचं टोपलं ठेवणार आहोत. विहारात अंडी कशी, म्हणून आतापासूनच दोन फोन आले. दोन्ही आपल्याच माणसांचे. त्यांनाही बोलावलं आहे, येताना आईला घेऊन या म्हणून.