विश्लेषण : अतिवृष्टीची मदत सातबाऱ्यावर, मग बटईदाराचे काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, सिंदफणा या नद्यांना पूर आला आणि धाराशिव, बीड, लातूर, सोलापूर जिल्ह्यांतील खरिपाची पिके पाण्याखाली गेली. राज्य सरकारने ७ ऑक्टोबर रोजी ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. ही मदत जमिनीच्या मालकाला मिळते. पीक दुसऱ्याने लावले असेल, तर त्याचे नाव यादीत येतच नाही.

मदत किती?

केंद्राच्या निकषांनुसार पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असावे लागते. जिरायतीसाठी हेक्टरी ८,५००, बागायतीसाठी १७,००० आणि बहुवार्षिक पिकांसाठी २२,५०० रुपये असा दर आहे. निकषांतील दोन हेक्टरची मर्यादा राज्याने या वेळी तीन हेक्टर केली आणि रब्बीसाठी हेक्टरी १० हजार रुपये वेगळे जाहीर केले. म्हणजे दोन एकर (८० आर) जिरायत सोयाबीन बुडालेल्या शेतकऱ्याला पिकाचे ६,८०० आणि रब्बीचे ८,००० रुपये मिळतात. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या हिशेबाने हेक्टरी ८,५०० रुपये म्हणजे जेमतेम दीड क्विंटल सोयाबीनची किंमत.

पैसे खात्यात कसे येतात?

तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनामा करतात. तहसील कार्यालयातून यादी पोर्टलवर जाते आणि रक्कम आधार जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते. ज्यांचा अ‍ॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक नाही, त्यांना ई-केवायसी करावी लागते. या प्रत्येक टप्प्यावर आधार असतो तो सातबाऱ्याचा.

यादीतून कोण सुटते?

खातेदार मयत असून वारस नोंद झालेली नसेल, तर पैसे अडकतात. सामाईक खात्यात इतरांचे संमतीपत्र लागते; भावकीत वाद असेल तर तेही मिळत नाही. ही प्रकरणे कागद पूर्ण झाल्यावर सुटू शकतात. बटईने किंवा ठोक्याने जमीन करणाऱ्याकडे मात्र पूर्ण करायला कागदच नसतो. बियाणे, खत, फवारणीचा खर्च त्याचा, अनेकदा सावकाराचे कर्जही त्याचेच. मदत मात्र मालकाच्या खात्यात. त्यातला वाटा द्यायचा की नाही, हे मालकाच्या मर्जीवर. ठोक्याची रक्कम आगाऊ दिली असेल, तर ती बहुधा परत मिळत नाही.

करार लेखी का होत नाही?

कूळकायद्याने जमीन हातची जाईल, ही भीती जमीनमालकांच्या मनातून अजून गेलेली नाही. त्यामुळे व्यवहार तोंडी होतो आणि दरवर्षी बटईदार बदलला जातो. पीक विम्याची वाटही येथेच अडते, कारण भाडेपट्ट्याने शेती करणाऱ्याला विम्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार द्यावा लागतो. शिवाय २०२५ च्या खरिपात राज्यात विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या आधारे ठरणार होती. एकट्याच्या शेतात पाणी घुसले म्हणून स्वतंत्र दावा करण्याची सोय त्या हंगामात उरली नव्हती.

पर्याय आहे का?

आंध्र प्रदेशने २०१९ मध्ये पीक कसणाऱ्यांच्या हक्कांसाठी कायदा केला. त्यात मालकाच्या संमतीने ११ महिन्यांचे कार्ड मिळते. त्याचा हक्क फक्त पिकापुरता असतो, जमिनीच्या मालकीला धक्का लागत नाही. अडचण तेथेही आहे : मालकाने सही नाकारली तर कार्ड मिळत नाही.

महाराष्ट्रात ई-पीक पाहणीमुळे कोणत्या गटात कोणते पीक आहे, याची नोंद दर हंगामात होते. त्याच नोंदीत पीक कोण घेत आहे हे नमूद करता आले आणि त्यातून कुळाचा हक्क निर्माण होणार नाही अशी कायदेशीर हमी मालकाला मिळाली, तर पंचनाम्याच्या दिवशी बटईदाराकडे दाखवायला निदान एक कागद असेल. हा बदल पुढच्या खरिपाच्या पेरणीआधी झाला तरच त्याचा उपयोग. पूर ओसरल्यावर तोंडी करार सिद्ध करणे कुणालाच शक्य होत नाही.