जिल्ह्याच्या प्रयोगशाळेला परवडेल अशी डीएनए चाचणी

जनावरांच्या डीएनए चाचणीचे तीन टप्पे असतात. नमुन्यातला डीएनए मोकळा करणे, त्यातला हवा तो तुकडा कोट्यवधी प्रतींपर्यंत वाढवणे आणि तो वाढला की नाही ते पाहणे. तयार किट, थर्मल सायकलर आणि रिअल-टाइम यंत्र ही सगळी जुळणी जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाला झेपत नाही. पण तिन्ही टप्प्यांना कसाला उतरलेले स्वस्त पर्याय आहेत, आणि ते वापरात आणायला हवेत.

पहिला टप्पा सर्वांत स्वस्तात होतो. केसांची मुळे किंवा कानाचा बारीकसा तुकडा 25 मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात 95 अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवला आणि नंतर ट्रिस द्रावणाने अल्कता मोडली, की वरचे पाणी थेट चाचणीला घेता येते. रक्ताच्या बाबतीत काळजी जास्त घ्यावी लागते. रक्तातला हीम हा घटक पीसीआर या डीएनए वाढवण्याच्या पद्धतीतल्या विकराला अडवतो, म्हणून तांबड्या पेशी आधी फोडून धुवून टाकाव्या लागतात.

दुसऱ्या टप्प्यावर खरा खर्च यंत्राचा. पीसीआरमध्ये मिश्रण 94, 55 आणि 72 अंशांच्या आसपास तीस-पस्तीस वेळा फिरवावे लागते. जपानमध्ये विकसित झालेली आणि 2000 साली प्रसिद्ध झालेली ‘लॅम्प’ ही पद्धत मात्र 60 ते 65 अंशांच्या एकाच तापमानावर चालते. त्यासाठी तापमान स्थिर राखणारा साधा वॉटर बाथ पुरतो आणि तासाभरात निकाल मिळतो. चार ते सहा प्रायमर (डीएनएचे छोटे धागे) एकाच तुकड्यावर नेमके बसावे लागत असल्याने चाचणी काटेकोर असते. तिचे विकर उणे 20 अंशांवर ठेवावे लागते. फ्रीझरची खात्री नसेल तिथे वाळवलेले मिश्रण घेणे शहाणपणाचे.

तिसऱ्या टप्प्यात जेलऐवजी डोळ्यांना दिसणारा रंग वापरता येतो. हायड्रॉक्सिनॅफ्थॉल ब्लू जांभळ्याचा आकाशी होतो, फिनॉल रेड गुलाबीचा पिवळा. फिनॉल रेड मिश्रणाच्या आम्लतेवर चालतो. नमुन्यासोबत ट्रिस किंवा अल्क जास्त गेले तर रंग बदलत नाही आणि रोग असूनही निकाल नकारार्थी दिसतो. वर सांगितलेल्या पद्धतीने काढलेल्या डीएनएसाठी हायड्रॉक्सिनॅफ्थॉल ब्लू अधिक भरवशाचा.

काटकसर करू नये अशी जागा एकच, ती म्हणजे दूषितीकरण टाळण्याची शिस्त. लॅम्पमध्ये डीएनए इतका वाढतो, की एक नळी उघडली तरी खोलीतले पुढचे सगळे नमुने होकारार्थी येऊ शकतात. म्हणून प्रतिक्रिया झालेली नळी उघडायची नाही. मिश्रण बनवण्याची आणि नमुना घालण्याची जागा वेगळी, पिपेटही वेगळे आणि टिप फिल्टरच्याच वापरायच्या. प्रत्येक फेरीत एक नळी खात्रीच्या डीएनएची आणि एक नुसत्या पाण्याची असलीच पाहिजे. पाण्याच्या नळीचा रंग बदलला तर त्या फेरीतला एकही निकाल शेतकऱ्याला कळवू नये.

महाराष्ट्रात या चाचण्यांना भरपूर काम आहे. लम्पी चर्मरोगाचा विषाणू डीएनएचा असल्याने गाठीवरची खपली थेट तपासता येते. 2022 च्या साथीत गायींना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. हे दोन्ही विषाणू ज्यात मोडतात त्या कॅप्रीपॉक्स गटातल्या सगळ्या विषाणूंना ओळखणारे प्रायमर वापरले, तर लसीचा विषाणूही होकार देऊ शकतो, हे निकाल वाचताना ध्यानात ठेवावे. गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरिओसिसमध्ये बरी झालेली संकरित गाय परजीवी बाळगून राहते. काचपट्टीवर तो सुटतो, डीएनए चाचणीत सापडतो. होल्स्टीन वळूंमधला ‘ब्लॅड’ हा आनुवंशिक दोष ओळखायला साधा पीसीआर आणि डीएनए कापणारे एक विकर पुरते.

तेव्हा पशुसंवर्धन विभागाने निधी वाटताना महागड्या यंत्राआधी प्रायमर, विकर, फिल्टर टिप आणि तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाची वर्षभराची सोय करावी. प्राथमिक छाननी जिल्ह्यात व्हावी. संशयास्पद निकाल आणि नव्या भागात दिसलेला रोग यांची खातरजमा पुण्यात औंधच्या विभागीय प्रयोगशाळेने करावी. अशी वाटणी झाली तर नमुन्याचा प्रवास आणि वाट पाहण्याचे दिवस वाचतील, आणि आजारी जनावर वेळीच वेगळे बांधता येईल.