टोचन लावण्याआधी गिअरबॉक्स ओळखा

परभणी जिल्ह्यात रस्त्यावर गाडी बंद पडली की पुढे काय करायचे, हे कुणाला विचारावे लागत नाही. जवळच्या आखाड्यावरून ट्रॅक्टर येतो, साखळी नाहीतर सोल गाडीच्या पुढच्या हुकात अडकवला जातो, गिअर न्यूट्रलला टाकला जातो आणि गंगाखेड, पाथरी, जिंतूर, जे गाव जवळ असेल तिथल्या गॅरेजपर्यंत टोचन निघते. अनोळखी माणसासाठी हातातले काम टाकून धावून येण्याची ही रीत चांगलीच आहे आणि तिच्यावर बोट ठेवण्याचा इथे हेतू नाही. पण ही सगळी रीत हाताने गिअर टाकायच्या गाड्यांवर घडली. आता लग्नाला, देवदर्शनाला, मुलांना शाळा-कॉलेजात सोडायला निघणाऱ्या गाड्यांत क्लचचे पेडल नसलेल्या, म्हणजे ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना टोचन हे मूळ बिघाडापेक्षा महागात पडते. ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते ती चाके जमिनीवर ठेवून ऑटोमॅटिक गाडी ओढू नये, हा नियम ट्रॅक्टर बोलावण्याच्या आधी आठवायला हवा. आणि तो आठवून देण्याचे काम एकट्या गाडीमालकाचे नाही.

कारण तेलात आहे. साध्या गिअरबॉक्समध्ये दात्यांचा काही भाग तेलात बुडालेला असतो. गाडी ओढली तरी चाकांबरोबर आतले दाते फिरतात आणि तेल उडवून स्वतःला भिजवत राहतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या आणि सीव्हीटी प्रकारच्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र तेल दाबाने पोहोचवावे लागते. तो दाब देणारा पंप बहुतेक गाड्यांत इंजिनावर चालतो. इंजिन बंद, म्हणजे पंप बंद. चाके मात्र फिरत आहेत आणि त्यांना जोडलेले आतले भाग कोरडे घासत आहेत. काही किलोमीटरनंतर बेअरिंग आणि बुश तापतात, आणि धातूचा कीस तेलात उतरून गिअरबॉक्सभर पसरतो. जुन्या अमेरिकी ऑटोमॅटिक गाड्यांत चाकांच्या बाजूने फिरणारा दुसरा पंप असे, त्यामुळे त्या ओढता येत आणि ढकलून सुरूही करता येत. १९६० च्या दशकात तो पंप बहुतेक कंपन्यांनी काढून टाकला. म्हणजे सोय होती, ती खर्चापायी गेली. बंद पडण्याचे मूळ कारण एखादा सेन्सर, बॅटरी किंवा फुटलेला होज असू शकते. पण गॅरेजला पोहोचेपर्यंत गिअरबॉक्सचेच काम निघालेले असते, आणि ते खोलून करणारा कारागीर तालुक्याच्या गावी सहज मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आमच्या ओळखीच्यांनी ऑटोमॅटिक ओढून आणली, काही झाले नाही. ते खोटे नाही, आणि म्हणूनच घातक आहे. २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओतून एएमटी सामान्य ग्राहकापर्यंत आली. तिच्यात गिअरबॉक्स जुनाच असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. अशी गाडी खरोखर न्यूट्रलमध्ये आली असेल तर ती ओढल्याने सहसा लगेच नुकसान होत नाही. स्वस्तातल्या ऑटोमॅटिक गाड्या बहुधा याच जातीच्या, तेव्हा गावात जो अनुभव जमा झाला तो एएमटीचा आहे, आणि तो लावला जातो सरसकट सगळ्यांना. स्विफ्ट आणि ब्रेझा एकाच शोरूममधून येतात; स्विफ्टच्या ऑटोमॅटिकमध्ये एएमटी असते, ब्रेझाच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर. होंडा सिटी घेतली तर सीव्हीटी. गिअरच्या दांड्यावरून साखळी बांधणाऱ्याला हा फरक कळणे अवघड, आणि पुष्कळदा मालकालाही तो सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही गाड्यांच्या पुस्तिकेतच, न्यूट्रलमध्ये, कमी वेगाने, थोडे अंतर ओढायला परवानगी दिलेली असते. ती असेल तर जरूर वापरावी. पण ती देताना कंपनीने गिअरबॉक्स धड आहे आणि त्यात तेल पुरेसे आहे हे धरलेले असते. खाली लाल तेलाचा डाग पडला आहे, गाडी झटके देत थांबली आहे, आतून आवाज येतो आहे, अशा वेळी त्या परवानगीचा उपयोग नाही. शिवाय इंजिन बंद असले की ब्रेकला आणि स्टीअरिंगला मिळणारी मदतही जाते. नियमाने दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवता येत नाही. त्या ५ मीटरवर, जड झालेला ब्रेक दाबत, काळ्या मातीने लाटा आणलेल्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे जाणे हे गिअरबॉक्सखेरीजही जोखमीचेच आहे.

मग करायचे काय? फ्लॅटबेड, म्हणजे आख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक, हे सर्वांत चांगले उत्तर. पण रात्री पालम किंवा सोनपेठच्या रस्त्यावर तो मागवा असे सांगणे सोपे, मिळणे अवघड. सुदैवाने साधी क्रेनही पुष्कळदा पुरते, फक्त कोणती चाके उचलायची हे कळले पाहिजे. लहान गाड्यांत ताकद पुढच्या चाकांना जाते. पुढचा भाग उचलला की काम झाले. फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा, स्कॉर्पिओ-एन यांच्या टू-व्हील ड्राइव्ह गाड्यांत ती मागच्या चाकांना जाते. क्रेनवाल्याने सवयीने पुढचा भाग उचलला, तर नेमकी नको ती चाके फिरत राहतात. तिथे मागचा भाग उचलावा किंवा प्रोपेलर शाफ्ट सोडवावा. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर चारही चाके वर. बॅटरी गेल्यामुळे दांडा पी (पार्क) वरून हलत नसेल तर पुष्कळ गाड्यांत त्याच्याशेजारी एक छोटे झाकण असते. ते काढून आत किल्लीचे टोक किंवा पेचकस दाबला की दांडा सुटतो. हे ठाऊक नसल्याने गाडी तशीच फरफटत नेली, तर पार्किंगची खुंटी मोडू शकते. आणि उन्हाळ्यात चढावर किंवा कोंडीत गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला असेल, तर आधी गाडी सुरक्षित जागी पी मध्ये उभी करून निवू द्यावी. काही वेळा टोचनाची गरजच उरत नाही.

खर्चाचा मुद्दा उरतो. फ्लॅटबेडचे भाडे डोळ्यांत भरते. ट्रॅक्टरवाला तर डिझेलचे पैसेही घ्यायला नको म्हणतो. विम्याची भिस्त धरावी, तर खाजगी कारच्या प्रचलित पॅकेज पॉलिसीत गाडी गॅरेजपर्यंत नेण्यासाठी ठेवलेली मर्यादा १,५०० रुपयांची, तीही अपघात झाला तर. यांत्रिक बिघाड मूळ पॉलिसीत बसतच नाही, आणि बिघडलेली गाडी दुरुस्तीआधी चालवून नुकसान वाढले तर ते मालकाच्या माथी, असे कलम असते. वेगळे पैसे भरून रस्त्यावरची मदत घेता येते. पण ती घेताना गाडी उचलून नेणार की ओढून, आणि किती किलोमीटरपर्यंत, हे विचारणारे ग्राहक थोडे, आणि आपणहून सांगणारे एजंट त्याहून थोडे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक आहे. कल्याण-निर्मल महामार्ग पाथरी, मानवत, परभणीवरून जातो, तिथे तो लावून पाहावा. आतल्या रस्त्यांवर मात्र ज्याची त्याची व्यवस्था.

म्हणून मागणी विक्रेत्यांकडे आहे. ऑटोमॅटिकसाठी हजारो रुपये जास्त घेतले जातात. गाडी ताब्यात देताना हार, पेढे, फोटो सगळे होते. त्यात पाच मिनिटे काढून ही गाडी कशी उचलायची हे दाखवले, तर दुकानाचे काय जाते? पुस्तिकेत हे लिहिलेले असते, पण पुस्तिका बहुधा इंग्रजीत आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये बंद. टायरमधल्या हवेचा दाब जसा दाराच्या खांबावर छापलेला असतो, तसा तिथेच, मराठीत, चाकांच्या चित्रासह दोन ओळींचा स्टिकर हवा: गिअरबॉक्स कोणता, आणि कोणती चाके उचलायची. रात्री मोबाइलच्या उजेडात साखळी बांधणारा माणूस ट्रॅक्टरचा असतो, कंपनीचा नव्हे. तो स्टिकर त्याला वाचता आला पाहिजे.