जुनी कूपे, नवं इंजिन: कागलमध्ये सौदा करण्याआधी काय तपासाल?

कोल्हापूरच्या दसऱ्यात न्यू पॅलेसची मेबॅक निघाली की सगळे मोबाईल तिच्याकडे वळतात. जुन्या गाड्यांची हौस राजवाड्यापुरती उरलेली नाही. समजा, कागलच्या एकाने सीमेपलीकडच्या निपाणीतून दोन दारांची जुनी कूपे घ्यायची ठरवली. गाडी नव्यासारखी केलेली. इंजिन, डिस्क ब्रेक, एसी सगळं नवं. मग अडचण कुठे येते?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हिंटेज' ठरायला पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली हवीत आणि चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल नको. म्हणजे इंजिन बदललं की हा दर्जा हुकतो. मिळाला तर नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. पण गाडी रोज वापरता येत नाही. विकली तर दोघांनीही ९० दिवसांत परिवहन विभागाला कळवायचं.

साध्या नोंदणीवरही इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. गाडी कर्नाटकची, म्हणून तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्रही हवं.

त्यामुळे पेंटची चमक नंतर बघा. आधी इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी जुळवा. जुळले नाहीत, तर विसार देऊ नका.